खालची वाडी

अप्पा दुपारी खालच्या वाडीतून परत आले तेव्हा मी शाळेच्या पडवीत कोकम सरबताचे पेले पुसत होते. त्यांनी पायरीवरच्या बादलीतलं पाणी पायांवर ओतून घेतलं, पंच्याने तोंड पुसलं आणि उन्हाकडे पाठ करून उभे राहिले.

"बाबल गेला," ते म्हणाले.

"कधी?"

"मी पोचलो तेव्हा धुगधुगी होती. हात हातात घेतला आणि गेला." मग ते म्हणाले, "पोस्टातून मुंबईला फोन लावून आलो. दोन्ही मुलगे संध्याकाळच्या गाडीत बसतील. उद्या सकाळी पोचतील. तोवर ठेवावं लागेल."

मी पेला खाली ठेवला. "मग आजची बैठक?"

"होईल," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

अप्पा म्हणजे माझे सासरे, डॉक्टर पुरुषोत्तम देसाई. नेरवण आणि आसपासच्या पाच-सहा गावांत एवढे एकच डॉक्टर. लग्न होऊन कोल्हापूरहून मी या घरात आले त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी वैशाखातली ही बैठक सुरू केली. शाळेला सुट्टी लागली की दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढायचं, जाजमं घालायची आणि तीन दिवस गाणं. मांडव नाही, लाउडस्पीकर नाही. गाणाऱ्याचा आवाज जिथवर पोचेल तिथवर माणसं, असा अप्पांचा नेम होता. बेळगाव, कोल्हापूर, पणजीहून साठ-सत्तर मंडळी यायची, गावातल्या चार-पाच घरांत उतरायची, आंबे-फणस खायची आणि तृप्त होऊन जायची. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. नवरा, श्रीधर, कुडाळच्या बँकेत. त्यामुळे पाहुण्यांच्या अंथरुणांपासून तंबोऱ्यांच्या गवसण्यांपर्यंत सगळं माझ्याकडे असायचं, आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनसूयाबाई मडकईकर गाणार होत्या. बाई मूळच्या गोव्याच्या, पण जन्म बेळगावात गेला होता. सत्तरी उलटलेली. बाहेर गाणं जवळजवळ बंदच केलं होतं. अप्पांनी तरुणपणी, वैद्यकी शिकत असताना, त्यांचा मुलतानी ऐकला होता. तो राग दिवस कलताना गायचा. मोठ्या शहरांतल्या मैफली रात्रीच्या, त्यामुळे तो फारसा कानावर पडत नाही. अप्पा म्हणायचे, "मला तो मुलतानी पुन्हा एकदा ऐकायचाय. मग डोळे मिटले तरी चालतील." चार वर्षं ते बाईंच्या घरी खेटे घालत होते. चौथ्या वर्षी बाई हो म्हणाल्या. म्हणाल्या, "आवाज आता पातळ झालाय, डॉक्टर. माईक नाही म्हणता, म्हणून येते. चार माणसांत बसून गाता येईल."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून अप्पा आत गेले तेव्हा मी त्यांच्यामागे लगेच गेले नाही. पेले पुसून झाले, मग गेले.

अप्पा फळ्यासमोरच्या बैठकीवरची चादर ताठ करत होते. फळ्यावर कोणीतरी वर्ष संपताना लिहिलेला सतराचा पाढा तसाच होता.

"अप्पा, बाबलचं घर अगदी खाली आहे," मी म्हणाले. "या खिडकीतून त्यांचं खळं दिसतं."

"मला माहितेय ते."

"घरात माणूस पडलेला असताना वर गाणं..."

"विनया," अप्पा चादर सोडून सरळ झाले. ते माझ्यावर कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "लग्नातला बँड लावणार आहोत का आपण? मुलतानी आहे तो. माणूस गेल्यावर ऐकावा असाच राग आहे. आणि बाबलसाठी मी काय करायचं ठेवलं? गेले आठ-दहा दिवस दोन्ही वेळ जात होतो. वाडीतल्या एकानेही म्हटलेलं नाही की डॉक्टर, बंद ठेवा."

तुम्हाला कोण म्हणणार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ते गिळलं.

"उद्याचा दिवस आहे की," मी म्हटलं.

"बाई उद्या सकाळी निघणार. त्यांची प्रकृती पाहिलीस ना? त्या पुन्हा येणार नाहीत." त्यांनी चादरीची कड पुन्हा ओढली. "पुन्हा कुणीच येणार नाही असं गाणारं."

अप्पांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून फारसं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

उन्हं कलायला लागली तशी मंडळी येऊ लागली. पांढरे सदरे, हातात पंखे. कोल्हापूरचे इनामदार वकील नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी येऊन पुढची जागा धरून बसले. आमच्या घरी बाईंची तयारी चालली होती. त्यांच्या दोन शिष्या तंबोरे घेऊन पुढे गेल्या होत्या. मी बाईंना लिंबाचं पाणी नेऊन दिलं. त्यांनी घोटभर प्यायलं आणि म्हणाल्या, "गावात आज फार शांत आहे, नाही? काल आले तेव्हा खाली मुलं ओरडत होती."

"हो," एवढंच मी म्हणाले. अप्पांनी त्यांना काही सांगितलेलं नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाईंना शाळेत पोचवून मी खालच्या वाडीत गेले. डॉक्टरांच्या घरातून कोणीतरी बाईमाणूस जाऊन बसायला हवं होतं आणि घरात मी एकटीच होते. मनात असं होतं की थोडा वेळ बसून यावं, म्हणजे दोन्हीकडचं होईल.

शाळेपासून चिऱ्याच्या पायऱ्या उतरल्या की धुरीवाडी. बाबल धुरी म्हणजे तरीवाला बाबल. खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हा सगळं नेरवण त्याच्या होडीतून ये-जा करायचं. आजारी माणूस पलीकडे न्यायचं असलं तर तो कुठल्याही वेळी होडी सोडायचा. पूल झाला आणि बाबल खळ्यात बसून जाळी विणू लागला. पूल व्हायच्या आधी मी नवी सून म्हणून आले तेव्हा त्याने मला हाक मारून विचारलं होतं, "पोवाक येता?" पोहता येत नाही म्हटल्यावर म्हणाला होता, "मगे होडयेत मदी बस."

खळ्यात पुरुष गुडघ्यांना मिठ्या घालून बसले होते. मला बघून त्यांनी वाट दिली. आत बाबलला जमिनीवर ठेवलं होतं. उशाशी दिवा. भोवती बायका भिंतींना टेकून दाटीवाटीने बसलेल्या. मधोमध द्वारकाकाकी, बाबलची बायको. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची मुलगी शेवंती. ती शेजारच्या गावात दिलेली, नुकतीच पोचली असावी. तिच्या पायांवर अजून रस्त्याची धूळ होती.

"वैनी इलात?" द्वारकाकाकी म्हणाली. "बसा."

मी बसले. माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने आलं. त्या घरात कोणी रडत नव्हतं. म्हणजे रडत होत्या सगळ्याच, पण आवाज नव्हता. पदराचे बोळे तोंडात धरले होते. शेवंतीची पाठ गदगदा हलत होती आणि तिचं तोंड आईच्या मांडीत दाबलेलं होतं. काकीचा हात तिच्या डोक्यावर होता. मला वाटलं, थोपटतेय. मग दिसलं की ती तिचं डोकं दाबून धरते आहे.

एवढ्यात वरून तबल्याचा आवाज आला. ठाकठूक, मग एक थाप, मग पुन्हा ठाकठूक. तबला सुरात लावत होते. त्या दाट शांततेत प्रत्येक ठोका घरात पडल्यासारखा वाटत होता.

शेवंतीने डोकं उचललं. "बाबा रे माज्या..." तिच्या घशातून निघालं.

"हळू," द्वारकाकाकीने लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू रड गो बाये. वर पावणे आसत. आवाज जाता वर."

"काकी!" मी म्हणाले.

"नाय नाय वैनी, तुमी काळजी करू नकात." तिला वाटलं मी आवाजाची तक्रार करतेय. ती घाईघाईने बोलली, जणू तिचीच काही चूक झाली होती. "काल तुमचो माणूस येऊन सांगून गेलो मां, बेळगावची मोठी बाई गातली, दोन दिवस वाडयेत आवाज नको म्हणान. ह्येका नेमका आजच जावचा होता. आता डाक्टरांनी इतक्या केल्यानी आमच्यासाठी. तुमचा गाणा होऊ दे." आणि शेवंतीच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "आमी मागीर रडतलंव."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. एकीने शेवंतीला पाणी दिलं. सगळ्यांचे चेहरे इतके समजूतदार होते की मला तिथे बसवेना.

मी उठले. काकी म्हणाली, "जावा, जावा, तुमका थंय कामा असतीत."

पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही. शाळेच्या दाराशी पोचले तेव्हा तंबोरे लागले होते आणि बाईंनी पहिला सा लावला होता. आवाज पातळ झालाय असं त्या म्हणाल्या होत्या, पण तो सा सरळ, स्थिर, सगळ्या खोलीत भरून राहिलेला होता. साठ-सत्तर माणसं श्वास धरून बसली होती. अप्पा पुढे, जराशा कडेला. त्यांचे डोळे मिटलेले आणि चेहरा असा की मी तसा पूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मी भिंतीच्या कडेने वाकून त्यांच्यापर्यंत गेले.

"अप्पा."

त्यांनी डोळे न उघडता हाताने थांब म्हटलं.

"अप्पा, त्या हळू रडताहेत."

त्यांनी डोळे उघडले. त्यांना काही कळलं नाही. "काय?"

"खाली बायका हळू रडताहेत. तोंडं दाबून. आपल्या गाण्यात व्यत्यय नको म्हणून."

"आता नाही, विनया. नंतर."

मी मागे फिरले असते. इतकी वर्षं मी त्यांच्या शब्दापुढे गेले नव्हते. पण माझे पाय तिथून हलले नाहीत. मी तशीच उभी राहिले, सगळ्यांच्या मध्ये. मागून कोणीतरी "बसा, बसा" म्हणालं. बाईंचा स्वर थांबला. शिष्या तंबोरे छेडत राहिल्या.

"काय झालं?" बाईंनी मला विचारलं.

मी अप्पांकडे पाहिलं. ते जाजमाकडे पाहत होते.

"बाई, खालच्या घरात आज दुपारी माणूस गेलाय," मी म्हणाले. "मुलगे मुंबईहून यायचेत, म्हणून ठेवलाय. त्याची बायको मुलीच्या तोंडावर हात धरून बसलीय. म्हणते, तुमचं गाणं होऊ दे, आम्ही नंतर रडू."

बाईंनी एका शिष्येच्या तंबोऱ्याच्या तारांवर हात ठेवला. दुसरीने आपणहून बोटं थांबवली. तबलजी हातोडी हातात धरून तसाच राहिला.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "मला हे कोणी सांगितलं नाही."

इनामदार वकील खाकरले. "बाई, झालं ते वाईटच झालं. पण मंडळी लांबून आलीयत. आणि शास्त्रीय गाणं हे एक प्रकारे ईश्वरस्मरणच..."

"तुम्ही करा स्मरण," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला नाही जमायचं आता." आणि त्यांनी उठण्यासाठी शिष्येच्या खांद्याचा आधार घेतला.

सगळे अप्पांकडे बघत होते. अप्पा सावकाश उठले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. एवढं सगळं करायला त्यांना फार वेळ लागला. मग ते म्हणाले, "चहा तयार आहे. सगळ्यांनी घेऊन जावा." एवढं बोलून ते खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

बाई माझ्यापाशी आल्या. "घर कुठंय?"

"पायऱ्या आहेत, बाई. तुम्हाला त्रास होईल."

"हात द्या मला."

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. एकेक पायरी उतरत आम्ही खाली गेलो. खळ्यातले पुरुष उठून उभे राहिले. आत गेल्यावर बाई क्षणभर उंबऱ्यात थांबल्या, जणू त्यांना कोणी आत या म्हणायला हवं होतं. द्वारकाकाकीने वर पाहिलं. मी काही सांगायच्या आत ती थोडी सरकली आणि आपल्या बाजूची जमीन तळहाताने पुसल्यासारखी करून म्हणाली, "बसा."

इरकली रेशमी लुगडं नेसलेल्या बाई तिथे जमिनीवर बसल्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, "कोण गो ही?" कुणीतरी उत्तर दिलं, "आसतली खंयची तरी."

"काकी," मी म्हणाले, "गाणं बंद केलं आम्ही. आता कुणी गाणार नाही."

काकीने माझ्याकडे बघितलं. मग शेवंतीच्या डोक्यावरचा तिचा हात हळूहळू सैल झाला. शेवंतीने मान उचलली, बापाकडे पाहिलं आणि "बाबा रे माज्या!" म्हणून जो हंबरडा फोडला, त्याने कौलं थरथरली असतील. मग द्वारकाकाकी, मग सगळ्या. दुपारपासून अडवून धरलेलं सगळं एकदम सुटलं.

आणि त्यात माझ्या शेजारून आणखी एक आवाज उठला. बाई रडत होत्या. डोळे पुसत, सभ्यपणे नव्हे. ऊर बडवून, तोंड उघडून, पूर्ण गळ्याने. त्या आवाजाला पातळ कोण म्हणेल? तो सगळ्यांच्या वर गेला, तिथे थांबला आणि पुन्हा खाली आला. काकीने रडता रडताच त्यांच्या गळ्यात हात टाकला. बाईंनी आपलं डोकं तिच्या खांद्यावर ठेवलं. एकमेकींना आजवर न पाहिलेल्या त्या दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून झुलत होत्या.

वर शाळेत मंडळी चहा घेत होती. त्यांना हे ऐकू गेलं असणारच. खिडकीत उभ्या असलेल्या अप्पांनाही. त्यांनी त्यातला बाईंचा आवाज ओळखला की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

दिवेलागणीला मी बाईंना वर आणलं. त्यांनी नुसता चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगे आले आणि बाबलला नेलं. अप्पांनी खांदा दिला. खाडीपर्यंत ते अनवाणी चालत गेले. पाहुण्यांपैकी बरेच जण तोवर पांगले होते. तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम अप्पांनी स्वतःच रद्द केला होता.

श्रीधर मोटार आणायला गेला तेव्हा मी आणि बाई पडवीत बसलो होतो. शिष्या आत तंबोरे बांधत होत्या. बाईंचा आवाज बसला होता. बोलताना घसा खरखरत होता.

"तुमचे अप्पा तुमच्याशी बोलत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"कामापुरतं बोलतात."

"बोलतील. माणूस चांगला आहे." मग समोरच्या फणसाकडे बघत त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं असेल, ही कोण बाई, ना ओळख ना पाळख, आणि एवढी कशी रडते."

"नाही हो, बाई."

"वाटायलाच हवं. मला घर होतं, विनयाताई. बेळगावात. एका सावकारांनी करून दिलेलं. त्यांची लग्नाची बायको होती, मुलं होती. आमच्याकडे तसंच असायचं. पंचवीस-सव्वीस वर्षं ते माझ्याकडे येत-जात होते. मला ताप आला तर उशाशी बसायचे. ते गेले त्या दिवशी त्यांचा गडी सांगायला आला. दारातूनच म्हणाला, बाई, मालक गेले. आणि म्हणाला, तुम्ही तिकडे येऊ नका."

आतून शिष्येने काहीतरी विचारलं. बाईंनी हाताने तिला थांबवलं.

"संध्याकाळी माझं रेडिओवर गाणं ठरलेलं होतं. न जाऊन घरी काय करणार? रडले असते तर शेजारी म्हणाले असते, हिचा कोण मेला? म्हणून गेले आणि गायले. मुलतानीच गायले. लोक म्हणाले, बाई, आजच्यासारखं कधी लागलं नव्हतं." त्या थोडं हसल्या. "मग राहूनच गेलं. कुठं रडायचं, कुणाकडे जाऊन? काल त्या बाईने जागा करून दिली. कोण, कुठली, काही विचारलं नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तुमच्या अप्पांना सांगा..." त्या म्हणाल्या, आणि मग मान हलवली. "नको. काही सांगू नका. त्यांना वाटू दे, गाणं राहिलं म्हणून."

मोटार आली. बाई गेल्या.

अप्पा मृगाच्या सुमाराला माझ्याशी पूर्वीसारखे बोलू लागले. त्या दिवसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण पुढच्या वैशाखात बैठकीच्या आदल्या दिवशी, मी वाडीत निरोप घेऊन पाठवायला गड्याला हाक मारली तर ते म्हणाले, "त्याला नको पाठवू. मी जातो." सदरा बदलून, हातात नारळ घेऊन ते निघाले. मीही मागून गेले. प्रत्येक घरासमोर उभे राहून ते म्हणत होते, "उद्यापासून गाणं आहे शाळेत. घरातल्या सगळ्यांनी यावं." लोक गोंधळून नुसते हो हो म्हणत होते. सगळ्यांत शेवटी द्वारकाकाकीच्या उंबऱ्यावर त्यांनी नारळ ठेवला आणि विचारलं, "काकी, गाणं करू ना?"

"करा मां," ती म्हणाली. "माका कशाक विचारतास?"

त्या वर्षी वाडीतली दहा-बारा माणसं आली. द्वारकाकाकी मागच्या भिंतीला टेकून बसली आणि भर रंगात उठून चालती झाली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी तिला विचारलं, "आवडलं नाही का?"

"बरा होता. म्हशीचो येळ झालो मां." मग ती म्हणाली, "पण डाक्टरांनू, ती रडूक इल्ली ती बाई खंय आसता? ती नाय इली? तिका बोलवा."

तिला बाई गातात हे माहीतही नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, "गाता काय? बरा. पण तशीच येऊ दे."

अप्पांनी पत्र घातलं. बाईंचं उत्तर आलं की आवाज आता पुरता गेला, गाणं होणार नाही, पण काकींनी बोलावलंय तर येते. त्या पुढच्या वैशाखात आल्या आणि मोटारीतून उतरून आमच्या घरी न येता थेट खाली गेल्या. तीन दिवस धुऱ्यांच्याकडेच राहिल्या. दुपारी मी जायची तेव्हा दोघी खळ्यात बसून आंबोशीच्या फोडी उन्हात पसरत असायच्या. वर बैठक सुरू झाली तरी बाई वर यायच्या नाहीत. "इथून छान ऐकू येतं," म्हणायच्या. पुढे त्या चारदा आल्या. पाचव्या वर्षी त्या गेल्याची तार आली. मी खाली जाऊन द्वारकाकाकीला सांगितलं. ती त्यांच्यासाठी कशी रडली ते सगळ्या वाडीने ऐकलं.

बाई नेरवणात कधी गायल्या नाहीत. अप्पांचा मुलतानी राहिला तो राहिलाच. बाईंनी मला जे सांगितलं होतं ते मी अप्पांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता बाई, अप्पा आणि काकी, तिघंही नाहीत.

अप्पांच्या शेवटच्या वर्षांतली एक बैठक मला आठवते. पुण्याचा एक तरुण गवई आला होता आणि चांगला गात होता. मध्येच पाहिलं तर अप्पांची जागा रिकामी. तब्येत बिघडली की काय म्हणून मी बाहेर आले, तर ते काठी टेकत पायऱ्या उतरताना दिसले. हाक मारली नाही. गाणं संपल्यावर मी खाली गेले. अप्पा काकीच्या खळ्यात तिने टाकलेल्या घोंगडीवर बसले होते. काकी म्हशीचं करायला मागे गेली होती.

"इथं कशाला आलात, अप्पा? ऐकू तरी येतं का?"

"येतं," अप्पा म्हणाले. "सगळं येतं. मला वाटायचं, एवढ्या खाली काही पोचत नसेल."

मी त्यांच्या शेजारी बसले. वर पुढच्या गाण्यासाठी तंबोरे लावायला सुरुवात झाली होती.